बगळा उडू नये इतक्या वेगाने

कालव्याच्या कडेने जाणाऱ्या त्या रस्त्याचं नाव मी इथे लिहिणार नाही, आणि गावाचंही नाही. कर्जत आणि नेरळच्या मधला पट्टा ज्यांच्या पायाखालचा आहे त्यांना कदाचित अंदाज येईल. आला तर तो त्यांनी आपल्यापाशीच ठेवावा. दामूदादांना रस्ता सांगितलेला आवडत नसे. "रस्ता सांगायचा नसतो, संगं जायचं असतं," असं त्यांचं म्हणणं होतं. कुणी वाट विचारली तर हात लांब करून दाखवण्याऐवजी ते सायकलचं हँडल धरून त्याच्याबरोबर चालू लागत. त्यांचं हे म्हणणं मी एकदाच मोडलं. ते लिहायला मला चार वर्षं लागली.

दामूदादा पाटबंधारे खात्यात पाटकरी होते. म्हणजे कालव्याचं पाणी कुणाच्या शेताला कधी आणि किती वेळ सोडायचं हे त्यांच्या हातात. घाटावरच्या धरणाचं पाणी वीज करून खाली येतं आणि त्या कालव्यातून वाहत जातं. त्याच्यावर आमच्याकडे उन्हाळ्यातही भात होतो. पस्तीस वर्षं त्यांनी तो कालवा रोज सायकलवरून पाहिला. निवृत्त झाल्यावरही पाहायचं थांबवलं नाही. खात्याने त्यांच्या जागी माणूस नेमला नव्हता, की नेमला होता आणि तो येत नव्हता, हे मला कधी नीट कळलं नाही. पण पाण्याच्या पाळीवरून दोघांत वाजलं की लोक दामूदादांच्या ओट्यावर येत, आणि ते सांगतील तसं कालव्याचं दार उघडत किंवा पाडत.

माझी त्यांची भेट झाली तेव्हा मी चव्वेचाळीस वर्षांचा होतो. साजगावच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळतो, खोपोलीत राहतो. रक्तातली साखर वाढली तेव्हा डॉक्टरांनी चालायला सांगितलं. गुडघे ऐकेनात म्हणून मी गिअरची सायकल घेतली. रविवारी पहाटे निघायचं, पळसदरीवरून कर्जत गाठायचं आणि पुढे जिथे गाड्या कमी तिथे वळायचं. घड्याळात किलोमीटर आणि वेग दिसायचा. परत आलो की मी तो आकडा बायकोला सांगायचो. ती हो म्हणायची.

असाच एका जानेवारीत मी त्या कालव्याच्या रस्त्याला लागलो. डावीकडे पाणी, उजवीकडे नुकत्याच लावणी झालेल्या खाचरांचा हिरवा उजेड, मागे माथेरानचा डोंगर अजून धुक्यात. पुढे एक म्हातारा काळ्या सायकलवर इतक्या हळू चालला होता की तो तोल कसा सांभाळतो हेच नवल. मी घंटी वाजवली, त्याला मागे टाकलं, आणि खाचरातले पंधरा-वीस बगळे एकदम उडाले. मला ते फार छान वाटलं. एका हाताने फोन काढून फोटोही घेतला.

तीन-चार किलोमीटरवर माझं मागचं चाक बसलं. माझ्याजवळ पंप नव्हता, पॅच नव्हता, काहीच नव्हतं. अर्ध्या तासाने म्हातारा आला. उतरला. सायकल स्टँडवर लावली, चाक चिमटून पाहिलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "बगळं मगाशी तुमीच उडवलंत ना?"

मी हो म्हणालो.

"बगळा उडाला का समजायचं, आपन घाईत हाव."

मग त्यांनी ट्यूब काढली. तिच्यात हवा भरून कालव्याच्या पाण्यात धरली, बुडबुडे आले तिथे बोट ठेवलं. कॅरियरला अडकवलेल्या पिशवीतून सोल्युशन, कानस, रबराचा तुकडा काढून पंचर काढलं. पंप त्यांच्या सायकलच्या दांड्याला सुतळीने बांधलेला असायचा. तो मात्र त्यांनी मला हातात दिला नाही. हवा स्वतःच भरली. तो पंप ते पुढेही कधी कुणाला देत नसत. पंप नेणारा परत करताना वॉशर आतच ठेवून घेतो, असा त्यांचा ठाम समज होता.

काम झाल्यावर मी निघालो तर तेही निघाले. मला वाटलं त्यांना तिकडेच जायचं आहे. गाव संपलं, एक मोरी आली, तिच्यापलीकडे शेंदूर लावलेला एक दगड. तिथे त्यांनी पाय टेकला. "ही आमची शीव," म्हणाले. "आता जा." आणि आले तसे परत वळले. पाहुण्याला गावाच्या हद्दीपर्यंत पोचवायचं ही त्यांची रीत होती. पाहुणा कोण, ओळखीचा की नाही, याचा तिच्याशी संबंध नव्हता. त्या दिवसापासून ते मला "पावनं" म्हणू लागले. माझं नाव त्यांनी कधी विचारलं की नाही ते आठवत नाही.

त्यानंतर दोन वर्षं मी बहुतेक प्रत्येक रविवारी तिकडे गेलो. सकाळी सातच्या सुमाराला ते घरातून निघत आणि मी त्यांच्या मागे राहत असे. त्यांच्या सायकलला घंटी नव्हती. पुढे माणूस दिसला की ते त्याचं नाव घेत, मोठ्याने नाही, नेहमीच्या आवाजात. घंटी वाजवली की माणूस दचकतो, नाव घेतलं की वळून बघतो, असं त्यांचं म्हणणं. म्हशीलाही ते नावाने हाक मारत. अनोळखी माणूस असला तर खाकरत. चढ आला की उतरून चालत. मी गिअर टाकून वर जात राहिलो तर खालून म्हणत, "ती बी दमते, पावनं. तिला तोंड नाय म्हनून बोलत नाय."

दर मोरीला थांबून ते कालव्यात हात घालत. मनगटाच्या वर पाणी किती आलं ते बघत आणि हात तसाच ओला ठेवून पुढे निघत. आज चार बोटं कमी, आज वरच्या गावाने दार मोडलेलं दिसतंय. या मोजमापाचा आता कुणाला काही उपयोग आहे का, असं मी एकदा विचारलं. त्यांनी मला माझ्या मनगटावरच्या घड्याळाचा उपयोग विचारला.

त्यांची सून सुनीता अंगणवाडीत काम करते. तिला सासऱ्यांच्या चालीची फार गंमत वाटे. एकदा चहा देताना मला म्हणाली, "बाबा सायकलीवर बसले ना, का गोगलगाय मागनं सांगते, जरा बाजूला घ्या." दामूदादांनी बशीतला चहा फुंकला आणि म्हणाले की गोगलगायीला कधी पंचर झालेलं ऐकलंय का?

हेल्मेटला ते टोपलं म्हणत. खात्याचा अभिमान इतका की कालवा जणू त्यांच्या आजोबांनी खणला होता. हट्टीपणा तर विचारू नये. त्यांच्या धाकट्या भावाचं शेत कालव्याच्या शेवटच्या दाराला होतं. एका उन्हाळ्यात भावाची पाळी दुपारी बाराला संपत होती आणि एका खाचराचा कोपरा भिजायचा राहिला होता. अर्धा तास दे, दादा, असं तो म्हणाला. यांनी बाराला दार पाडलं. पुढच्याची पाळी सुरू झाली होती. भाऊ तीन वर्षं यांच्या ओट्यावर चढला नाही. यांच्या मुलीच्या लग्नालाही आला नाही. मला हे सांगताना ते कालव्याच्या कठड्यावर बसले होते. मी विचारलं, वाईट नाही वाटलं?

"वाटलं ना. तीन वरसं वाटलं," ते म्हणाले. "पन पुन्ना तसं झालं तर पुन्ना दार पाडीन. पान्याची पाळी हाय ती, भावाची नाय."

ती गोष्ट मी तेव्हा फक्त त्यांच्या ताठपणाची म्हणून ऐकली. ओट्यावर कुणी येत नाही म्हणजे काय, हे त्यांना आधीपासून माहीत होतं, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.

आणखी एक प्रसंग सांगायला हवा, कारण शेवटी मला परत नेलं ते त्यानेच. कापणी झाली, झोडणी झाली की आमच्याकडे भात वाळवायला रस्त्यावर पसरतात. डांबर तापतं, दोन उन्हांत दाणा कडक होतो. एक बाजू भाताची, एक बाजू येणाऱ्या-जाणाऱ्यांची. पहिल्या वर्षी असं भात आलं तेव्हा मी कडेच्या मोकळ्या पट्टीवरून सायकल नेली. निदान मला तसं वाटलं. दामूदादा उतरून चालत आले आणि त्यांनी मला थांबवलं. माझ्या टायरच्या खाचांत दाणे अडकले होते. गुडघ्यावर बसून त्यांनी बाभळीच्या काट्याने एकेक दाणा काढायला सुरुवात केली. मग काटा माझ्या हातात दिला. सव्वीस दाणे निघाले. ते घेऊन आम्ही मागे चालत गेलो आणि पसरलेल्या भातात टाकले. भात ज्यांचं होतं त्या बायजाकाकी आंब्याखाली बसून हे सगळं पाहत होत्या. त्या दामूदादांच्या चुलतभावाच्या विधवा. त्यांचे दोन्ही मुलगे बदलापूरला राहतात.

"भावजी," त्या म्हणाल्या, "एक दाना ऱ्हायला बगा त्येंच्या बुटात."

मी खरंच बूट काढून पाहिला. दोघंही हसली. त्या दिवशी बायजाकाकींनी आम्हाला त्याच आंब्याखाली चहा दिला. ते वळण म्हणजे त्या रस्त्याचा सर्वांत देखणा तुकडा होता. एका ओळीत तीन आंबे, खाली सावलीची गार पट्टी, एका अंगाला कालवा, दुसऱ्या अंगाला बायजाकाकींचं शेत थेट रस्त्याला भिडलेलं. रस्ता तिथे इतका अरुंद की समोरून बैलगाडी आली तर सायकल उचलून बांधावर घ्यावी लागे.

आता माझं.

कारखान्यात मी रविवारचे फोटो दाखवायचो. हळूहळू चार जणांनी सायकली घेतल्या, मग दहांनी. तिसऱ्या हिवाळ्यात, म्हणजे आजपासून चार वर्षांपूर्वी, आमच्या मॅनेजरसाहेबांनीच ठरवलं की कारखान्याची एक सायकलफेरी काढायची आणि रस्ता मी दाखवायचा. स्टोअरमधल्या माणसाकडे लोक सही करायला येतात आणि जातात. आयुष्यात पहिल्यांदा पस्तीस माणसं माझ्या मागून येणार होती. ही गोष्ट माझ्या डोक्यात किती गेली होती ते आज लिहितानाही लाज वाटते.

दामूदादांना सांगितलं. ते म्हणाले, आणा, पण सहा जण आणा आणि माझ्या मागनं चाला. पस्तीस म्हणजे वरात. मी म्हटलं बघतो. पस्तीस माणसं त्यांच्या चालीने चालली तर दुपार होईल हे मला माहीत होतं. आणि ती आपापल्या चालीने गेली तर वळणं चुकतील. म्हणून आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी, मी पिशवीत चुन्याची फक्की घेऊन एकटाच गेलो. प्रत्येक फाट्यावर बाण काढले. अंतराचे आकडे लिहिले. आंब्यांच्या वळणावर रस्त्याची कड खचलेली होती आणि तिच्यावर चुना टिकत नव्हता. तिथे सायकली शेतात घसरू नयेत म्हणून बायजाकाकींच्या शेताच्या आतल्या बाजूने मी एक लांब सरळ रेघ ओढली आणि दोन्ही टोकांना फुल्या मारल्या. गावाच्या दुसऱ्या टोकाला कुणाची तरी हळद होती, गाणी लागली होती, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. दामूदादांच्या घरावरून गेलो, पण थांबलो नाही. थांबलो असतो तर त्यांनी हातातली पिशवी पाहिली असती.

आमच्या भागात शेताच्या कडेला चुन्याची रेघ म्हणजे काय, हे मला माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही. खालापूरकडे, लोधिवलीकडे, रेल्वेसाठी, हमरस्त्यांसाठी मोजण्या झालेल्या मी पाहिल्या आहेत. आधी कुणीतरी येऊन चुना टाकतो. मग खुंट्या, मग नोटीस. रेघ, दोन टोकांना फुल्या, बाजूला आकडे, अगदी तशाच. माझ्या मनात ते आलंच नाही, कारण माझ्या मनात तेव्हा मीच होतो.

रविवारी सकाळी दामूदादांना त्यांच्या ओट्यावरून बरोबर घेऊन आम्ही पोचलो तेव्हा वळणावर पन्नासेक माणसं उभी होती. हळदीच्या घरचीही आली होती, काहींच्या कपाळावर हळद तशीच. पुढे दामूदादा आणि मी, मागे पस्तीस रंगीत टोपली. बायजाकाकी रेघेच्या आत, आपल्या शेतात उभ्या होत्या. कुणी ओरडत नव्हतं. एकाने दामूदादांना विचारलं की हा चुना कुणाचा, तुमच्या खात्याचा आहे का, नवा रस्ता जातोय का. तुम्हाला ठाऊक असणार, तुम्ही खात्याचे.

दामूदादा रेघेकडे पाहत राहिले. मग त्यांनी खाली, माझ्या बुटांकडे पाहिलं. मग माझ्या तोंडाकडे. मी बोलायला हवं होतं. एक वाक्य होतं फक्त: चुना मी टाकला, माफ करा. माझ्या मागे साहेब उभे होते, पस्तीस जण उभे होते. मी हेल्मेटचा पट्टा नीट करत राहिलो.

"म्या मारला," दामूदादा म्हणाले. "ही मानसं यायची व्हती. वाट चुकू नये म्हनून."

त्यांना वाटलं असेल, आपण म्हटलं की संपलं. त्यांच्या शब्दावर तिथे पाणी सुटत आणि बंद होत होतं. पण लोकांच्या तोंडावरचं मी पाहिलं. आयुष्यभर 'रस्ता सांगायचा नसतो' म्हणणारा माणूस रस्त्यावर बाण काढतो? आणि शेताच्या आत रेघ कशाला? बरोबर ही शहरातली एवढी माणसं कसली? जमिनी बघायला आलेत का? हे कुणी मोठ्याने विचारलं नाही. बायजाकाकींनी पायाने ती रेघ पुसायला सुरुवात केली, आणि आम्ही तिथून पुढे गेलो. साहेब मला म्हणाले, रस्ता काय सुंदर काढलायस. परत येताना दामूदादा नेहमीसारखे शिवेपर्यंत आले. काही बोलले नाहीत. मीही बोललो नाही.

पुढचं मला सुनीताकडून फोनवर तुकड्यातुकड्याने कळलं. सरकारात जमीन जाण्याआधी विकलेली बरी, असं कुणीतरी बायजाकाकींच्या मुलांच्या मनात भरवलं. असे भरवणारे आमच्याकडे प्रत्येक चहाच्या टपरीवर बसलेले असतात. होळीच्या आधी व्यवहार झाला. आंब्यांच्या वळणावर भिंत आली, लोखंडी फाटक आलं, दोन आंबे गेले. नवा रस्ता काही आला नाही, तो येणारच नव्हता. गावाने आपापसात ठरवून टाकलं की दामूने दलाली खाल्ली. पाळीसाठी त्यांना विचारायचं बंद झालं. बायजाकाकी त्यांच्याशी बोलायच्या थांबल्या. सुनीताने मला दोष दिला नाही, कारण तिलाही खरं माहीत नव्हतं. सासऱ्यांनी घरातही सांगितलं नव्हतं.

मी त्या रस्त्याला जायचं सोडलं. चौकच्या बाजूला, पाताळगंगेच्या कडेने दुसरे रस्ते शोधले. प्रत्येक रविवारी मनात ठरवायचो की पुढच्या रविवारी जाऊन सगळं सांगायचं. अशी दोन वर्षं गेली. दोन वर्षांत किती रविवार असतात ते मला ठाऊक आहे.

मग एका डिसेंबरात लोधिवलीजवळ आतल्या रस्त्यावर भात पसरलेलं आलं. मी उतरलो, चालत पुढे गेलो. सवयीने मागचं चाक फिरवून पाहिलं तर तीन दाणे अडकले होते. शोधून काटा आणला आणि दाणे काढले. तळहातावर ते तीन दाणे घेऊन मी रस्त्याच्या मधोमध उभा राहिलो आणि मला पुढे जाता येईना. दाणे टाकले आणि सायकल उलटी वळवली. त्याच दिवशी, ऊन डोक्यावर यायच्या आत, मी त्यांच्या ओट्यापाशी होतो.

दामूदादा खूप वाळले होते. छातीचं दुखणं होतं, सायकलवर बसायची बंदी होती. तरी सकाळी सायकल घेऊनच निघायचे, असं सुनीता म्हणाली. हँडलला धरून चालायचे, काठीऐवजी. मला पाहून ते म्हणाले, "या पावनं. लय दिसांनी." जणू मी चार आठवड्यांनी आलो होतो.

मी ओट्यावर बसलोच नाही. उभ्याउभ्याच सांगून टाकलं. चुना मी टाकला, तुम्हाला न सांगता टाकला, त्या दिवशी बोललो नाही, नंतरही बोललो नाही. दारात सुनीता हातात पाण्याचा तांब्या घेऊन तशीच उभी राहिली.

"मला ठावं हाय," दामूदादा म्हणाले. "तुमच्या बुटांना लागला व्हता."

मग का तुम्ही स्वतःवर घेतलंत, असं मी विचारलं.

त्यांना दम लागत होता. "पावना शिवेच्या आत हाय तवर त्याची लाज आमची," ते म्हणाले. "शिवेच्या भाईर जाऊन तुमी कायतरी बोलाल, असं वाटलं व्हतं." आणि मग, जरा थांबून, "मला सांगून काय व्हनार? मला ठावंच व्हतं. बायजाला सांगा."

मी म्हटलं, आत्ता जातो. बायजाकाकींचं घर मला माहीत होतं. पण ते उठले, सायकल घेतली आणि माझ्याबरोबर निघाले. रस्ता सांगायचा नसतो. आम्ही फारतर दोनशे पावलं चाललो असू, त्याला पंधरा मिनिटं लागली. वाटेत एक माणूस गवताचा भारा घेऊन पुढून चालला होता. दामूदादांनी त्याचं नाव घेतलं. त्याने वळून पाहिलं, बाजूला झाला, आणि काही न बोलता पुन्हा चालू लागला. दामूदादांनी सायकलचं हँडल थोडं घट्ट धरलेलं मी पाहिलं.

बायजाकाकी अंगणात सुपात तांदूळ पाखडत होत्या. दामूदादा कुंपणापाशीच थांबले, आत आले नाहीत. मी आत गेलो आणि दुसऱ्यांदा सगळं सांगितलं. या वेळी सोपं गेलं नाही. उलट पहिल्यापेक्षा कठीण गेलं, कारण त्यांनी पाखडणं थांबवलं नाही. सुपाचा आवाज चालूच राहिला आणि मला त्या आवाजावर बोलावं लागलं. रेघ कशासाठी ओढली तेही सांगितलं. सायकली तुमच्या शेतात घसरू नयेत म्हणून, असं मी म्हणालो, आणि ते वाक्य तोंडातून निघाल्यावर किती भयंकर वाटलं ते मलाच माहीत.

त्यांनी सूप खाली ठेवलं. माझ्याकडे त्यांनी पाहिलंच नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या कुंपणाकडे बघत होत्या, जिथे दामूदादा सायकलला टेकून धापा टाकत होते.

"तुज्या तोंडाला काय झालंतं दोन वरसं?" त्या त्यांना म्हणाल्या.

दामूदादा कालव्याच्या दिशेला बघत राहिले.

"जमीन गेली ती गेली," बायजाकाकी म्हणाल्या. "पोरांनी इकली, तू नाय. पन मी तुला म्हनलं ना, तुजं तोंड बगायचं नाय. दोन वरसं मी म्हनलं ते तू ऐकून घेतलंस?" त्या उठल्या. पदराला हात पुसले. आणि पूर्वीच्याच आवाजात, जणू मधे काहीच झालं नव्हतं, म्हणाल्या, "भाईर काय उभा ऱ्हायलाय भावजी, वर या. च्या ठेवते."

मला त्यांनी काही विचारलं नाही. ते बरोबरच होतं. मी कुंपणातून बाहेर आलो. दामूदादांनी आपली सायकल कुंपणाला लावली, माझ्या खांद्यावर ओझरता हात ठेवला आणि आत गेले. ओट्याच्या दोन पायऱ्या चढायला त्यांना वेळ लागला. मी धरायला गेलो नाही, आणि बायजाकाकीही आल्या नाहीत. त्या चुलीपाशी होत्या.

त्या दिवशी मला शिवेपर्यंत पोचवायला कुणी आलं नाही. दोन वर्षांतल्या इतक्या फेऱ्यांत असं कधी झालं नव्हतं. मी एकटाच निघालो. फाटक लागलेल्या वळणावरून गेलो, उरलेल्या एका आंब्याखालून. त्यापुढच्या मोरीपाशी मागे वळून पाहिलं. अंतर बरंच होतं, पण ओटा दिसत होता. दामूदादा रस्त्याकडे पाठ करून बसले होते, बशी दोन्ही हातांनी धरलेली असावी. समोर बायजाकाकी काहीतरी बोलत होत्या आणि हात वारंवार कालव्याकडे करत होत्या. त्यांच्या उरलेल्या एखाद्या खाचराला पाणी येत नसावं.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते असं. पुढच्या पावसाळ्यात ते गेल्याचं सुनीताने कळवलं. शेवटी शेवटी लोक पाळी विचारायला यायचे का, असं मी तिला विचारलं. ती म्हणाली, यायचे की, ओटा पुरायचा नाही.

त्या दिवशी मोरीवरून मी पुढे निघालो. शेजारच्या खाचरात एक बगळा उभा होता, रस्त्याला अगदी लागून. मी उतरलो आणि तो मागे पडेपर्यंत चालत गेलो.